घरातल्या घरात खून झाला तं तपास कुठं अडकते?

बोंडअळी

राम राम मंडळी. तीन वर्षापासून इथं नुसता वाचून रायलो, लिहाचं काम कधी पडलं नाही, आज पडलं.

दोन वर्षाखाली पोळ्याच्या चार दिवसानं आमच्या गावात मर्डर झाला. मोठ्या भावानं लहान्याले कुऱ्हाडीनं मारलं, कारण धुरा, म्हणजे वावराच्या बांधाचा वाद, असं पोलिसाचं म्हणणं. गाव-तालुका सांगत नाही, कोणाच्या ध्यानात आलं तरी इथं लिहू नका, मेहेरबानी. तं त्या दिवशी सकाळी मी दुधाची कॅन घेऊन चाललो होतो, जीप थांबली, जमादारानं खिडकीतून हात केला, "भाऊ, सही येते का?" म्हटलं येते. "मंग कॅन ठेवा अन् बसा." असा मी पंच झालो. दूध नासलं ते वेगळंच.

घरी गेलो तं मयत ओसरीत, वरून चादर. घरचे सगळे एकच सांगून रायले का बैलानं मारलं. बुढी, म्हणजे दोघाची माय, छाती बडवून हेच म्हणे, "ढवळ्यानं घात केला वं माय." लोकाईले पटलंही होतं. गावातले चार मोठे म्हणत होते का आता दवाखाना कायले, पाऊस येऊन रायला, माती आटपून टाका. जमादार कोणाशी काही बोलला नाही. कोठ्यात गेला, मी मागं मागं. ढवळ्याच्या शिंगावर पोळ्याचा रंग जसाचा तसा, एक ओरखडा नाही, रेबिनसुद्धा बांधलेलं. मंग वापस येऊन ओसरीच्या कोपऱ्यात उकिडवा बसला. सगळी ओसरी जुन्या सारवणाची, पोपडे आलेली, अन् त्या कोपऱ्यात खाटेएवढी जागा ओली, ताजी सारवलेली. त्यानं एवढंच इचारलं, "मयत उचलल्यावर सारवते बाप्पा. मयत घरात असताना कोणं सारवलं?"

कोणी बोललं नाही. लहान्याची बायको रडत होती ते पण थांबली.

तिसऱ्या दिवशी मोठ्यानं तुरीच्या तासातून कुऱ्हाड काढून देल्ली, तिथंही मीच पंच. सह्या केल्या, त्यातला एक कागद कोरा होता. तवा काही वाटलं नाही, सगळे करतात म्हणून मीही केली. आता समन्स आलं. आरोपीचा सासरा माझ्या मावसभावाच्या नात्यात, रोज कोणी ना कोणी चहाले बलावते. अन् बुढी गावात सांगून रायली का मले मोतीबिंदू होता, काही दिसलं नाही.

माझा प्रश्न सरळ हाय. घरातला खून पोलिसाले सोपा पडाले पायजे. बाहेरचा कोणी शोधाचा नाही, चार माणसं घरात, त्यातलाच एक. तरी सुटतात. काहून?

नागपुरी संत्रं

भाऊ पयले हे सांग, दुधाचे पैसे कोणं देल्ले?

बोंडअळी

कोणीच नाही ना बे. बायकोनं आठ दिवस बोलून दाखवलं.

जुना जमादार

बोंडअळी भाऊ, तुमच्या त्या जमादाराले माझा नमस्कार सांगा. सारवण पाहाले डोळा लागते. आता नवीन पोरं येतात, मोबाईलचं लोकेशन पाहतात, पण खाली जमीन पाहत नाही.

मी ३४ वर्ष नोकरी केली, विदर्भातल्या तीन जिल्ह्यात. घरातला खून सोपा असते हे मी नोकरीला लागलो तवा मलेही वाटत होतं. बाहेरच्या खुनात घरचे लोक तुमच्या बाजूनं असतात, रोज ठाण्यात येऊन बसतात, सायेब काय झालं, सायेब कोण भेटला का. घरातल्या खुनात ठाण्यात कोणीच येत नाही. फिर्याद द्याले माणूस नाही. शेवटी बीट जमादार नाहीतं पोलीस पाटील फिर्यादी. पोलीस पाटील म्हणजे १९६७ च्या ग्राम पोलीस कायद्यानं सरकारचा माणूस, पण तोही त्याच गावात राहते, त्याच्या वावराले त्याच पांदणीनं जा लागते, त्याचं तोंड किती उघडन?

पयला घोळ मर्गात होते. आपल्याकडं मर्ग म्हणतात, पुणे-मुंबईकडं ए.डी. म्हणतात, अकस्मात मृत्यूची नोंद. जुन्या जाब्ता फौजदारीचं कलम १७४, आता नवीन कायद्यात १९४. विष पेली, विहिरीत पडली, करंट लागला, बैलानं मारलं, काहीही असो, पयले मर्ग. मर्ग दाखल करणं चूक नाही, पण मर्ग लिवला का डोक्यात बसून जाते का आत्महत्या किंवा अपघात, मंग पंचनामा त्याच अंगानं लिवल्या जाते. घरच्याईनं जे पयलं सांगतलं तेच कागदावर. "बैलाने मारल्याने मरण पावला असावा असे पंचाचे मत." पंच कोण? तुमच्यासारखा दूधवाला. त्याचं मत म्हणजे रायटरचं, लिवणाऱ्या पोलिसाचं मत.

घरी गेलं का मी तीन गोष्टी करत होतो. एक, माती थांबवाची. कोणी कितीही शिव्या देवो. राख झाली का डॉक्टरही गेला अन् लॅबही गेली. दोन, घरातल्या लोकाईले वेगवेगळं बसवाचं, पण ठाण्यात नाही, शेजाऱ्यापाजाऱ्याच्या घरी. एका खोलीत बसले का दहा मिनटात सगळ्याईचं बयान एक होते, शब्दाले शब्द. अन् शब्दाले शब्द जुळलं तं समजाचं का शिजवलेलं हाय. खरं सांगणारे कधी जुळत नाही, एक म्हणन चहाच्या आधी, एक म्हणन चहाच्या नंतर. तीन, पयला फोन कोणाले केला. नवरा मेल्यावर बाई पयले दिराले फोन करते का भावाले का डॉक्टरले, यात लय काही असते. मेला हे दिसल्यावर अन् पोलिसाले कळवल्यावर मधात किती वेळ गेला, तेवढ्या वेळात घरात काय झालं, तपास म्हणजे तेवढाच वेळ.

तुमच्या केसमंधी त्या वेळात सारवण झालं.

सातबारा

जमादार काका बरोबर बोलले, त्यात माझं एक. कापसाच्या पट्ट्यात प्रत्येक घरात फवारणीचं औषध, मोनोक्रोटोफॉसचा डबा कोठ्यात टांगलेला. यवतमाळात २०१७ ला नुसतं फवारताना वीसच्या वर माणसं गेली, एवढं जहाल. त्यामुळे गावात कोणी विषानं मेला की डोक्यात एकच येतं, शेतकरी आत्महत्या. मग तलाठी, कृषी सहायक, तहसीलची चौकशी. ती चौकशी कर्ज बघते, नापिकी बघते, सातबारा बघते, पात्र की अपात्र ठरवते, एक लाखाची मदत त्यावर ठरते. गळ्याकडं कोणी बघत नाही, ते त्यांचं कामच नाही. मी म्हणत नाही की असे खून लपतात म्हणून, बहुतेक आत्महत्या या आत्महत्याच असतात आणि त्याचं दुःख आम्ही घरात भोगलेलं आहे. पण ज्याला लपवायचं त्याला आडोसा तयार आहे एवढंच.

कोर्टकचेरी

मी अमरावती विभागात फौजदारी वकिली करते, जास्त करून आरोपीच्या बाजूनं, म्हणजे बोंडअळी भाऊ, उलटतपासात तुम्हाला छळणाऱ्या लोकांपैकी मी. तेव्हा नीट ऐका.

कोऱ्या कागदाचं विचारलं तर खरं सांगा. "एका कागदावर मजकूर नव्हता, सही केली." लपवलंत आणि पकडल्या गेलात तर सारवणाचंही कोणी मानणार नाही. शिंग, रेबिन, ओला कोपरा, हे तुम्ही डोळ्यानं पाहिलं ना, तेवढंच सांगा. कोणी मारलं असेल असं वाटतं का म्हटलं तर ते तुमचं कामच नाही. तो चहा पण आता बंद करा. आणि कुऱ्हाडीच्या वेळी आरोपी पोलिसांसमोर जे बोलला त्यातलं कबुलीचं काही पुराव्यात येत नाही, फक्त "काढून देतो" म्हणाला आणि काढून दिली एवढाच भाग येतो. पूर्वीचं कलम २७, आता साक्ष अधिनियमाचं २३. म्हणून ते तुरीचं तास, चालत कोण पुढं होतं, वाकून कोणी काढली, हे आठवून ठेवा. पोलीस पुढं आणि आरोपी मागं असेल तर मी तिथंच केस फाडते.

आता मोठ्या प्रश्नाचं. घरातल्या खुनात डोळ्यानं पाहिलेला साक्षीदार बहुतेक वेळा घरचाच, आणि तो फितूर होतो. मग उरतो परिस्थितीजन्य पुरावा. त्याची साखळी कशी पाहिजे हे सुप्रीम कोर्टानं १९८४ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका विवाहितेच्या मृत्यूच्या खटल्यात पाच तत्त्वांत सांगितलंय, वकील लोक त्याला पंचशील म्हणतात. एक कडी तुटली की आरोपी बाहेर. पण पुढं २००६ मध्ये, परत महाराष्ट्रातलाच खटला, कोर्टानं असंही म्हटलं की गुन्हा घराच्या चार भिंतीत गुपचूप झाला असेल तर सरकार पक्षावरचा भार थोडा हलका धरावा, आणि घरात असलेल्यांनी काय झालं याचा पटेल असा खुलासा द्यावा. साक्ष कायद्याचं पूर्वीचं कलम १०६, आताचं १०९. गप्प बसले किंवा खोटा खुलासा दिला तर तीच साखळीतली एक जास्तीची कडी होते. "बैलानं मारलं" हा खोटा खुलासा. म्हणजे त्या ढवळ्याची शिंगं तुमच्या पंचनाम्यात नीट लिहिलेली असतील तर ती कुऱ्हाडीइतकीच कामाची आहेत. पण लक्षात घ्या, १०९ म्हणजे पोलिसांना सुट्टी नाही. आरोपी त्या वेळी घरात होता हे आधी त्यांनीच सिद्ध करायचं.

बुढीचा जबाब मॅजिस्ट्रेटपुढं झाला होता का?

बोंडअळी

ताई, झालता म्हणे. तालुक्याच्या कोर्टात नेलं होतं तिले, वापस आली तं दोन दिवस जेवली नाही.

कोर्टकचेरी

मग पोलिसांनी निदान तेवढं बरोबर केलं. पोलिसापुढच्या जबाबावर सही नसते आणि तो पुरावा म्हणून चालत नाही. मॅजिस्ट्रेटपुढचा, पूर्वीचा १६४, आताचा १८३, तो शपथेवर असतो. तरी त्या एकट्यावर शिक्षा होत नाही, ती कोर्टात उलटली तर तिला तो दाखवून "तेव्हा असं म्हणाली होतीस" एवढं करता येतं. फितूर साक्षीदाराचं सगळंच बाद होत नाही हेही खरं, जेवढं दुसऱ्या पुराव्याशी जुळतं तेवढं कोर्ट घेऊ शकतं.

टेकाडावरचा

सगळे पोलिसाची अन् वकिलाची बाजू मांडून रायले. दुसरी बाजू कोण सांगन? आमच्या नात्यात सून गेली, आजारानं गेली, पण माहेरच्याईनं सासू, सासरा, दीर, पुण्याले राहणारी नणंद, तिचा नवरा, सगळ्याईचे नाव रिपोर्टात देल्ले. नणंद चार वर्षात एकदा आलती. तपास म्हणजे काय तं रिपोर्टात नाव हाय म्हणून उचला. पयले आत टाकतात मंग पुरावा शोधतात.

वाचनवेडी वर्धा

दादा तुमचं दुःख समजते, पण एक आकडा सांगते, संयुक्त राष्ट्रांच्या अहवालातला आहे, २०२३ या एका वर्षात जगात सुमारे ५१,१०० बाया-मुली नवऱ्याच्या नाहीतर घरच्यांच्या हातानं मारल्या गेल्या, रोजच्या १४०. बाईला सगळ्यात जास्त धोका स्वतःच्या घरात.

टेकाडावरचा

जगाचं सोडा ना ताई, मी माझ्या घराचं सांगून रायलो.

कोर्टकचेरी

दोघंही बरोबर आहात म्हणून तर भांडण आहे. सगळ्यांची नावं घालायची सवय खरी आहे, वरच्या कोर्टानं त्यावर बरेचदा ताशेरे ओढलेत, २०१४ पासून सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात सरसकट अटक करू नका असंही आहे. पण छळाचं कलम त्यात बसतं, हुंडाबळीचं नाही. लग्नाच्या सात वर्षांच्या आत बाई संशयास्पद मेली तर कायदा वेगळा चालतो, इन्क्वेस्ट म्हणजे मयताची चौकशी कार्यकारी दंडाधिकारी करतात, पीएम म्हणजे शवविच्छेदन होतंच, आणि मरणाच्या आधी हुंड्यासाठी छळ झाल्याचं दाखवलं तर हुंडाबळी गृहीत धरतात. घोळ असा होतो की हे सोपं गृहीतक हाताशी आहे म्हणून पोलीस खुनाचा तपासच करत नाहीत. गळा दाबला का, कोणी दाबला, हे शोधायला मेहनत लागते. हुंडाबळी लावलं की झालं. मग हुंड्याची मागणी सिद्ध होत नाही, आणि सगळेच सुटतात, ज्यानं गळा दाबला तोही आणि ती पुण्याची नणंदही.

ड्युटीवरची सिस्टर

रात्रपाळी संपून बसली आहे, दोन शब्द लिहते. मी ग्रामीण रुग्णालयात आहे, कोणतं ते राहू द्या.

लोक रात्री मयत घेऊन येतात अन् आताच पीएम करा म्हणून डॉक्टरच्या अंगावर जातात. २०२१ पासून रात्री पीएम करायला केंद्रानं परवानगी दिली हे खरं, पण जिथं तेवढी सोय अन् उजेड आहे तिथं, अन् खून, आत्महत्या, काही घातपाताचा संशय असला तर सहसा नाहीच. कारण जखमेचा रंग बल्बाच्या उजेडात कळत नाही. तेव्हा सकाळपर्यंत थांबवलं तर ते तुमच्यासाठीच आहे.

एक सांगते. एक बाई आणली होती, गळफास घेतला म्हणे, घरच्यांनी सोडवून आणली. अंगावरची साडी बदलताना मावशीनं मला हाक मारली, सिस्टर इकडं या. पाठ जांभळी, पूर्ण पाठ, अन् पाय पांढरे. माणूस मेल्यावर रक्त खाली उतरते, रात्रभर लटकलेला असला तर पायात अन् हाताच्या पंजात उतरते. सहा-आठ तासांत ते तिथंच बसते, मग कसंही ठेवा हलत नाही. ही रात्रभर पाठीवर पडून होती. घरचे सांगत होते पहाटे लटकलेली दिसली. मी काही बोलली नाही, डॉक्टरला दाखवलं, त्यांनी ठाण्यात फोन लावला. पुढं काय झालं आम्हाला कोणी सांगत नाही, साक्षीला मात्र डॉक्टरला तीन वेळा जावं लागलं.

अन् जळालेल्या बायांचं काय बोलू. डोक्याशी सासू उभी असते, ग्लुकोजची बाटली धरून, लोक म्हणतात किती माया. तहसीलदार येतात जबाब घ्यायला. बाई म्हणते स्टो भडकला. सासूला चहाला पाठवलं की डोळे उघडते. आमच्या जुन्या मेट्रन म्हणायच्या, आधी खोली रिकामी करा मग पेन काढा. डॉक्टरनं शुद्धीवर असल्याचा दाखला लिहिला नाही म्हणून जबाब बाद करायचे आधी, २००२ ला सुप्रीम कोर्टाच्या मोठ्या बेंचनं सांगितलं की तेवढ्यावरून बाद नाही, जबाब घेणाऱ्याची खात्री पटली होती का ते बघा. पण खोलीत कोण होतं हे कोणत्या कागदावर येतं का? नाही येत.

प्राणहिता

मी अहेरीकडचा. २०२३ चं आमच्याकडच्या महागावचं विषाचं प्रकरण कोणी लिहलं नाही म्हणून लिहतो. सप्टेंबर-ऑक्टोबरात वीसेक दिवसात एकाच घरातले पाच जण गेले. पयले मायबाप, मग पोरगी, पोरगा अन् मावशी. आमच्याकडं काय काय बोलत होते तुम्हाला सांगू, कोणी म्हणे जेवणातून झालं, कोणी म्हणे करणी. करणी म्हटलं की तपास संपला, सगळे गप. पोलिसाला संशय यासाठी आला की वेगवेगळ्या दवाखान्यात भरती झालेल्यांची लक्षणं सारखी, हातापायाला मुंग्या, कंबर-डोकं दुखणं, ओठ काळे, जीभ जड. अन् गाडी चालवून दवाखान्यात नेणारा, तो घरचाही नव्हता, तोही आजारी पडला, त्यानं गाडीतलं पाणी पेलतं. थॅलियमचा संशय निघाला अन् घरच्या नात्यातल्याच दोन बायांना अटक झाली. केस कोर्टात आहे तेव्हा कोण दोषी ते मी बोलणार नाही. थॅलियमला ना चव ना वास, पाण्यात विरघळते, केस गळायला लागतात ते दोन-तीन आठवड्यानं, तोपर्यंत माणूस हातात राहत नाही. घरातला माणूस रोजचं पाणी भरून देते त्याच्यावर कोणी संशय कसा घ्यावा, हेच मला आजपर्यंत समजलं नाही.

जुना जमादार

व्हिसेरा, म्हणजे पीएममधी काढलेले पोटातले अवयव, नेहमीच्या विषासाठी तपासतात. काय शोधाचं हे लिवलं नाही तं "विष आढळून आले नाही" असा सीए रिपोर्ट, म्हणजे सरकारी लॅबचा रिपोर्ट, येते अन् फाईल बंद. लॅबवाल्याले तपास अधिकाऱ्यानं चार ओळी जास्त लिवाले पायजे का घरात काय काय होतं, लक्षणं काय होते. आम्ही छापील फॉर्म भरून पाठवत होतो. अन् मिठाच्या पाण्यातल्या त्या बरण्या ठाण्याच्या कपाटात महिना महिना पडून राहत, नागपूरले कोण घेऊन जाईन याच्यावर भांडणं.

एक मनात हाय ते लिवूनच टाकतो. ९० च्या दशकातली गोष्ट. विहिरीत बाई सापडली, सोबत दीड वर्षाचं पोट्टं. मर्ग माझ्याकडं. सासऱ्यानं सांगतलं पाणी भराले गेली, पाय घसरला. बादली विहिरीच्या काठावर नव्हती. मी पायलं होतं नव्हती म्हणून. पण तिचा बापच आला, हात जोडून म्हणे सायेब मिटवा, दुसरी पोरगी त्याच घरात देल्ली हाय. दोघी बहिणी दोघा भावाले. मी मिटवलं. बादलीचं पंचनाम्यात लिवलंच नाही.

पांदण

काका...

नाव नको

हा आयडी आजच काढला. जमादार काकांचं वाचून लिहते आहे.

मी नऊ वर्षांची होते. बाबांनी आईला मारलं तेव्हा मी खाटेवर जागी होते, डोळे उघडे होते. पोलिसांनी विचारलं तर मी सगळं सांगितलं, बाईपोलीस होत्या, त्यांनी पार्ले बिस्किटाचा पुडा दिला होता. खटला उभा राहायला अडीच वर्षं लागली. तोपर्यंत मी आजीकडं, म्हणजे बाबांच्या आईकडं. मामा न्यायला आलाच नाही, त्याला तीन पोरी होत्या. आजी वाईट नव्हती. रात्री केस विंचरून द्यायची, शाळेची फी भरली. कोर्टाच्या आदल्या रात्री तिनं पुरणपोळी केली आणि काहीच म्हणाली नाही. एक शब्द नाही. सकाळी जजसाहेबांनी विचारलं खरं बोलायचं म्हणजे काय कळतं का बाळा, मी म्हटलं हो कळतं. मग मी सांगितलं मी झोपली होती.

बाबा सुटले. दहा वर्षांनी वारले. आजीला शेवटी मीच पाणी पाजलं.

ड्युटीवरची सिस्टर

बाई गं. तुझी काही चूक नाही, नऊ वर्षांचं लेकरू.

कोर्टकचेरी

नाव नको, तुम्ही लिहिलंत ते बरं केलं. लहान मुलाची साक्ष कायद्यात चालते, प्रश्न कळला आणि नीट उत्तर देता आलं की झालं, वयाची अट नाही. पण ते मूल अडीच वर्षं कोणाच्या घरी जेवणार हे आरोपपत्रात कुठंच नसतं.

बाकीच्यांना एक, कारण खासगी निरोपात दोघांनी विचारलं. बायको नवऱ्याविरुद्ध साक्ष देऊ शकते का? देऊ शकते. नवऱ्यानं तिला जे सांगितलं ते कोर्टात येत नाही, गुन्हा तिच्याच विरुद्ध असेल तर गोष्ट वेगळी. पण तिनं डोळ्यानं पाहिलं ते येतं. १९५४ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे, नवरा पहाटे माळवदावरून उतरला, भुशाच्या खोलीत गेला, आंघोळ केली, हे बायकोनं पाहिलेलं चाललं, त्यानं तिला काय सांगितलं ते वगळलं. आणि आरोपीला आसरा देण्याच्या कलमात सूट फक्त नवरा-बायकोला आहे. आईला नाही. पुरावा नष्ट करण्याच्या कलमात तर कोणालाच नाही. बोंडअळी भाऊ, तुमच्या त्या बुढीला सारवणासाठी आरोपी केलं नाही, साक्षीदार केलं, ही पोलिसांची दया समजा की हिशेब.

नागपुरी संत्रं

मायला, दुधावरून सुरू झालेला धागा कुठं गेला. तारीख झाली की अपडेट टाक बे भाऊ.

बोंडअळी

मंडळी, काल तारीख झाली. लिहतो, तुटक लिहलं तं समजून घ्या.

सकाळी ७ च्या एसटीनं गेलो. त्याच एसटीत बुढी, मोठ्याची बायको, लहान्याची बायको. तिघी तीन सीटवर. माझी साक्ष पयले झाली. सरकारी वकिलानं शिंग, सारवण, तुरीचं तास सगळं इचारलं. तासात पुढं आरोपीच होता, पोलीस मागं, तसंच सांगतलं. मंग आरोपीचा वकील उठला, पयलाच प्रश्न, कोऱ्या कागदावर सही केली का? म्हटलं एका कागदावर केली. जजसाहेबांनी मान वर करून पायलं. मले घाम फुटला, पण ताईचं ऐकलं म्हणून बरं, कारण पुढं त्यानं इचारलं का मंग सारवणाचंही पोलिसानं सांगतलं तेच बोलून रायले ना, तं मी म्हटलं सारवण मी पायलं, बोट लावून पायलं, ओलं होतं. त्याच्यावर तो दुसरीकडं वळला.

मंग बुढी. पिंजऱ्याची दांडी दोन्ही हातानं धरून. आरोपी कोण? माझा लेक. मयत कोण? माझा लेक. त्या दिवशी काय पायलं? काही नाही, मोतीबिंदू होता. सरकारी वकिलानं फितूर म्हणून परवानगी घेतली अन् इचारत गेला, ती नाही नाही म्हणत गेली. मॅजिस्ट्रेटपुढचं वाचून दाखवलं, म्हणे अंगठा माझा, बोलणं ध्यानात नाही. मंग त्यानं सहज इचारल्यासारखं इचारलं, आजी त्या वक्ताले तुम्ही कुठं होत्या? म्हणे कोठ्यात, शेण काढून रायली होती. कायले? म्हणे सारवाले.

टाईप करणाऱ्या बाईचा हात एक मिनिट थांबला. मंग तिनं टाईप केलं.

बाहेर लिंबाखाली तिघी बसल्या. मोठ्या सुनेनं डब्यातली भाकर काढली, लहान्या सुनेनंही काढली. बुढीनं दोघीचीही नाही घेतली, पाण्याची बाटली तोंडाले लावली अन् एसटीची वाट पाहत बसली. पुढच्या तारखेले डॉक्टरची साक्ष हाय.

जुना जमादार

शिंगाचं पंचनाम्यात लिवलं होतं का नीट?

बोंडअळी

लिवलं होतं काका. कोर्टात वाचून दाखवलं. दोन्ही शिंगं, रंग शाबूत, रेबिन हिरवं.